कुलपातला गांजा

धुळ्याहून निघताना अण्णांनी माझ्या दोन्ही बॅगा स्वतः बांधल्या. आधी कुलूप, त्यावरून पांढऱ्या कापडाची पट्टी, मग सुतळी, आणि सुतळीच्या गाठीवर लाख वितळवून अंगठीचा ठसा. आई म्हणाली, "अहो, पोरगी नवऱ्याकडे चाललीय, कोर्टात नाही." अण्णांनी हात थांबवला नाही. ते राज्य उत्पादन शुल्क खात्यात निरीक्षक होते. जप्तीचा माल त्यांनी आयुष्यभर असाच बांधून पाठवला होता, आणि मुलगीही त्यांनी तशीच पाठवली. हीथ्रोला कस्टम्सच्या बाईंनी ती लाख नखाने खरवडून पाहिली आणि आत काय आहे म्हणून विचारलं. कपडे, पापड आणि काळा मसाला, मी सांगितलं. त्यांनी तिन्ही गोष्टी बाहेर काढून बघितल्या.

धुळ्यात राहिलेल्या माझ्या मैत्रिणी अजून विचारतात, तू तिकडे नेमकं करतेस काय? इकडे आलेल्यांनाही मी कधी नीट सांगितलेलं नाही, कारण काही वर्षं सांगायची परवानगीच नव्हती. आता जेवढं सांगता येतं तेवढं लिहिते. ती जागा कुठे होती, हे मात्र आजही लिहिणार नाही.

अजित, माझा नवरा, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. आमचं घर म्हणजे एका सरदारजींच्या घराचा वरचा मजला. कारखाने-गोदामांची वसाहत, ट्रेडिंग इस्टेट, चालत जाण्याइतकी जवळ. माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, आणि लग्नाआधी पुण्यात मी फायर अलार्म बसवणाऱ्या कंपनीत होते. त्या जोरावर इथे केव्हिनच्या छोट्या फर्ममध्ये नोकरी लागली. केव्हिन आयरिश, पन्नाशीचा, गोदामांना चोरीचे अलार्म आणि कॅमेरे बसवून द्यायचा. सुरुवातीला त्याचं इंग्रजी मला कळायचं नाही आणि माझं त्याला. वायरिंगचे नकाशे मात्र दोघांनाही कळायचे. टेपवरचे कॅमेरे जाऊन हार्ड डिस्कवरचे येत होते, आणि ते त्याच्यापेक्षा मला लवकर जमले. त्यामुळे वर्षभरात मोठ्या कामांचं डिझाइन माझ्याकडे आलं.

एका सकाळी त्याने ऑफिसचं दार लावून घेतलं आणि नवीन काम सांगितलं. एक कंपनी औषधाच्या चाचण्यांसाठी काचेच्या मोठ्या शेडमध्ये एक झाड वाढवणार होती. सरकारी गृहखात्याचा परवाना लागणार होता, आणि सगळी सुरक्षा बसवून, तपासून झाल्याशिवाय आत एक रोपही येणार नव्हतं. झाड कॅनबिसचं होतं.

मी हसले. त्याला कारण कळेना. मग मी त्याला सांगितलं की माझ्या वडिलांनी सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरच्या वरच्या अंगाला, तुरीत आणि कापसात लपवलेला गांजा उपटून जाळण्यात अर्धी नोकरी घालवली आहे. एवढ्यावरच थांबले. शिवदासकाकांबद्दल काही बोलले नाही.

शिवदासकाका अण्णांचे शिपाई. मी शाळेत असताना एका धाडीत त्यांच्या कमरेत कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, बसला. जीव वाचला, पण पाय गेले. नुसते लुळे पडले असते तरी बरं, असं त्यांची बायको म्हणायची. पाय लाकडासारखे ताठ व्हायचे, आपोआप झटके यायचे, मग दोन माणसांना धरून बसावं लागायचं. दर दिवाळीला अण्णा त्यांच्याकडे फराळ घेऊन जायचे आणि परत आल्यावर संध्याकाळभर कुणाशी बोलायचे नाहीत.

त्या कामासाठी आम्हा सगळ्यांची पार्श्वभूमी तपासली जाणार होती. माझ्याकडून धुळ्याच्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. तो अण्णांशिवाय कोण आणणार? मी फोनकार्ड खरवडून नंबर लावला आणि सरळ सांगितलं. कायदेशीर आहे, औषधासाठी आहे, सरकारचा परवाना आहे, पण झाड तेच आहे.

अण्णा म्हणाले, "आईशी बोल."

दाखला मात्र वेळेत आला. एसपी ऑफिसात ते स्वतः जाऊन बसले होते, असं आईकडून कळलं. त्यानंतर मात्र मी फोन केला की ते मळ्यात तरी असायचे, नाहीतर पूजेत. आई म्हणायची, "त्यांना थोडा वेळ दे. तू चुकीचं करत नाहीस हे त्यांना कळतं, तेच त्यांना जड जातंय."

काम सुरू झालं. बाहेर उंच जाळीचं कुंपण, त्याला हात लागला तर कळेल अशी तार. दारं दुहेरी, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडणार नाही. कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा ओळखू आला पाहिजे, नुसती सावली चालणार नाही. अलार्म दोन वेगवेगळ्या वाटांनी नियंत्रण केंद्राला कळला पाहिजे, म्हणजे कुणी टेलिफोनची तार कापली तरी दुसरी वाट राहील. आणि अलार्म झाल्यावर पोलिस आले पाहिजेत. परवान्याचा सगळा डोलारा या शेवटच्या गोष्टीवर उभा होता.

नेमकी तिथेच अडचण आली. चाचणीसाठी साधी टोमॅटोची झाडं लावली होती. आत उष्ण दिवे, गरम पाण्याचे पाइप, गरगरणारे पंखे. हालचाल ओळखणारे सेन्सर शरीराची उष्णता बघतात, आणि तिथे तर सगळंच उष्ण आणि हलतं. एक मोठं पान हललं की सेन्सरला माणूस दिसायचा. पहिल्याच आठवड्यात पोलिसांची गाडी दोनदा येऊन गेली. या देशात खोटा अलार्म वारंवार झाला की पोलिस त्या इमारतीकडे यायचं बंद करतात. आणखी एकदा झालं असतं तर पोलिस गेले असते, आणि परवानाही.

केव्हिन म्हणाला, सेन्सरची संवेदनशीलता कमी करून टाक, गृहखात्याचा इन्स्पेक्टर येऊन जाऊ दे, मग बघू. तो लबाड माणूस नव्हता. फर्मचं ते सगळ्यात मोठं काम होतं आणि तो घाबरला होता. मी म्हटलं, मग आत माणूस फिरला तरी वाजणार नाही, आणि खाली सही माझी असेल. तो चिडला, बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला आणि म्हणाला, "मग तूच सांग काय करायचं ते."

मी आतले सगळे सेन्सर काढायला लावले. माणूस आत आल्यावर ओळखण्यापेक्षा तो आत येतानाच पकडायचा. काचेच्या चौकटींवर, छताच्या झडपांवर, प्रत्येक दारावर वेगळे सेन्सर, आणि दोन वेगवेगळ्या जागांवरून खूण मिळाली तरच पोलिसांना संदेश. वायरिंग अर्धं उपसावं लागलं. मला तिसरा महिना चालू होता, त्यामुळे शिडीवर चढू द्यायला कुणी तयार नव्हतं. मी खाली उभी राहून ओरडून सांगायची. पोलिस पुन्हा आले नाहीत.

त्याच सुमारास, बाळाची बातमी कळल्यावर, अण्णा फोनवर आले. तब्येत विचारली, डॉक्टर विचारले. मग म्हणाले, "झाडं कापल्यावर ठेवणार कुठे?"

मी म्हटलं, वाळवायच्या खोलीत, जाड दार आहे.

"कुंपणावरून येणाऱ्याची काळजी तू केली असशील. आमच्याकडचा माल शेतातून नाही गेला कधी, मुद्देमालाच्या खोलीतून गेला. ओला माल वाळला की वजन घटतं. किती घटलं ते कोण सांगणार? त्या घटीत चोरी लपते."

मग ते बोलतच राहिले, किती महिन्यांचं साचलेलं. वजनकाटा कॅमेऱ्यासमोर ठेव, खोलीत एकटा माणूस जाऊ देऊ नको. आणि टाकाऊ काड्या, पानं जाळताना पंच कोण असतात, असंही त्यांनी विचारलं. पहिल्या दोन गोष्टी मी करून घेतल्या. पंचांचं ऐकून मला हसू आलं, आणि ते तिथेच राहिलं.

इन्स्पेक्टर आल्या त्या दिवशी त्यांनी कुंपण, दारं, कॅमेरे सगळं पाहिलं आणि मान डोलावली. मग मागच्या बाजूला गेल्या. तिथे कंपोस्टसाठी एक उघडा कंटेनर होता. छाटलेली पानं इथे येणार का, त्यांनी विचारलं. हो. मग याला कुलूप कुठे आहे आणि नष्ट करताना साक्षीला कोण असणार? परवाना त्या दिवशी मिळाला नाही. टाकाऊ मालाला बंद पिंजरा, त्यावर कॅमेरा आणि साक्षीदारासमोर नष्ट करण्याची पद्धत, एवढं झाल्यावर मग मिळाला. त्या शेडची जबाबदारी मार्गारेट नावाच्या बाईंवर होती. वनस्पतिशास्त्राच्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी मला विचारलं, हे आपल्या कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात, मुलगी चार महिन्यांची असताना, आई-अण्णा स्लाऊला आले. आईला इथली भाजी आवडली, शांतता आवडली नाही. अण्णांना ती जागा बघायची होती. मी सांगितलं, नाही नेता येणार, पत्ताही सांगायचा नाही असं लिहून दिलंय. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण मार्गारेट एका रविवारी बाळाला बघायला आल्या. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांचं इंग्रजी सरकारी, प्रत्येक वाक्य आधी मनात बांधलेलं. बराच वेळ दोघं जमीन, पाणी, झाडांच्या रोगांबद्दल बोलले. अण्णांनी उपटलेली झाडं किती उंच असायची, हे मार्गारेट खरोखरच्या कुतूहलाने विचारत होत्या. मग अण्णांनी शिवदासकाकांचं सांगितलं. कुऱ्हाड, कंबर, ताठ होणारे पाय. आणि विचारलं, "तुमच्या औषधाने अशा माणसाला आराम पडेल का?"

आईने चहाचा ट्रे तसाच हातात धरला होता.

मार्गारेट म्हणाल्या, "मला माहीत नाही. आम्ही वेगळ्या आजाराच्या लोकांवर चाचणी करतोय. त्यांचेही पाय असेच ताठ होतात. काहींना बरं वाटतं, काहींना नाही. तुमच्या मित्राबद्दल मी काही सांगितलं तर ते खोटं ठरेल."

अण्णांनी मान हलवली. त्या गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई सरळ आहे. तिच्याकडे काम कर." ती एवढीच परवानगी मला हवी होती, हे तोपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मुलीचे कपडे वाळत घालायला म्हणून मी मागच्या अंगणात गेले आणि तिथे पोटभर रडले.

परत गेल्यावर अण्णा दिवाळीची वाट न बघता शिवदासकाकांकडे गेले. फोनवर त्यांनी मला सांगितलं ते असं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मग आपण जाळलं ते काय होतं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, चोरीचं होतं. कुलपातलं असतं तर जाळलं नसतं." मग म्हणाले, "तो हसला. किती वर्षांनी हसला."

काकांना ते औषध कधी मिळालं नाही. आपल्याकडे ते नव्हतंच, आणि दोन वर्षांनी काका गेले. त्या वर्षी अण्णांनी दिवाळी केली नाही.

आता आमचं इथे स्वतःचं घर आहे. मुलगी "माझा शाळा" म्हणते आणि आजी फोनवरून दुरुस्त करते. मागच्या खेपेला धुळ्याला गेले तेव्हा शेजारी चोरी झाली होती, म्हणून मी घराला छोटा अलार्म बसवला. तो वाजला की ठरवलेल्या नंबरांवर आपोआप फोन लावतो. मी शेजारच्या सोनारकाकांचा नंबर घातला, मग चुलतभावाचा. अण्णा मागे उभे राहून बघत होते. "तुझा घाल," ते म्हणाले.

मी म्हटलं, अण्णा, नंबर लगेच येऊ शकणाऱ्या माणसाचा घालतात. मी तिथून येऊन काय करणार?

"येऊ नको. पण तुला कळायला नको?"

त्यांनी त्यासाठी फोनवर आयएसडी सुरू करून घेतली. तेव्हापासून तो अलार्म दोनदा वाजला आहे. स्लाऊच्या ऑफिसात माझा मोबाइल वाजतो, कानात धुळ्याच्या घराचा भोंगा घुमतो, आणि मी हातातलं सगळं टाकून घरी फोन लावते. दोन्ही वेळेला आईने उचलला. "अगं, मांजर होतं," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"