प्लास्टिकच्या तांदळाचा चेंडू

बाजारात प्लास्टिकचा तांदूळ आलाय, हे आम्हाला टीव्हीनं सांगितलं. चार संध्याकाळी सलग, तेही किंचाळून. 'तुमच्या ताटात मृत्यू तर नाही?' असं विचारून निवेदक जाहिरातीला जायचा. जाहिरात कसली, तर पाकीटबंद शुद्ध तांदळाची! त्यात एक कुटुंब नुसता भात बघून हसत बसायचं. हे कुणालाही खटकलं असतं, मला नाही. मी धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, घरातला शिकलेला माणूस.

भाताचा गोळा आपटायचा, उसळला की प्लास्टिक, अशी परीक्षाही टीव्हीनंच दिली. मी पडवीत गोळा आपटला. मस्त उसळला. भात घट्ट दाबला की उसळतोच, हे आईला ठाऊक होतं. पण तिला विचारतो कोण?

"अरं, आपल्याच शेतातला हाय त्यो," वडील म्हणाले. "लावणीला कंबर माझी मोडली, आन् प्लास्टिक कुठनं आला?"

"बाबा, टीव्हीवाले खोटं कशाला सांगतील?"

वडिलांना अडाणी ठरवून मी दुसरा गोळा आपटला, व्हिडिओ काढला आणि मित्रांना धाडला. दोन दिवसांत तो टीव्हीवर! भुताच्या सिनेमातलं संगीत, लाल वर्तुळात माझा हात, खाली 'पेणमध्ये प्लास्टिकचा तांदूळ'. चेहरा दिसला नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

माझी विधवा मावशी पेणच्या बाजारात आमच्याच शेतातला तांदूळ विकते. त्यावरच तिचं घर चालतं. त्या आठवड्यात ती भरली गोणी घेऊन परतली.

"कोन मेला त्यो गोळा टाकनारा, त्याच्या हाताला किडं पडोत," ती म्हणाली. आई माझ्याकडे बघत राहिली. मी हात पाठीमागे घेतला.

पुढच्या बाजाराला मी मावशीशेजारी जाऊन बसलो. "अस्सल तांदूळ आहे, आम्ही घरी हाच खातो," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगितलं, कच्चे दाणे चावून दाखवले. निवेदकापुढे माझा आवाज कमीच पडला. एक बाई थांबली आणि कीव आल्यासारखी हसली.

"टीव्हीवाले खोटं कशाला सांगतील?" म्हणत तिनं मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ मावशीपुढे धरला.

मावशीनं डोळे बारीक करून पाहिलं. मग माझा हात ओढून घेतला.

"ही आंगठी तर मी तुला लग्नात दिलेली."