थोरल्या जावयाची जागा

माझ्या सासुरवाडीत थोरल्या जावयाच्या आधी कुणी घास उचलत नाही. पहिला पाट त्याचा, पहिलं ताट त्याचं, तव्यावरून उतरलेली पहिली भाकरीही त्याचीच. मी धाकटा जावई. लग्न झाल्यापासून दुसऱ्या पाटावर बसत आलो आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मोखाड्याकडच्या घरांतून ही रीत अशीच आहे. तिच्यात अपमान शोधायचा नसतो. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत, समुद्राच्या मधोमध, हीच रीत मी हत्यारासारखी वापरली.

माझे थोरले साडू जव्हारला हायस्कुलात शिकवत होते. आता निवृत्त आहेत. गावात पक्कं घर, दारात नळ, आवाज भरदार. मी आश्रमशाळेतला शिक्षक आणि मूळचा सूर्यमाळचा. आमच्या पाड्यावर मार्च सरला की विहीर तळ दाखवते, आणि बायका झऱ्याशी पाळी लावून वाटीवाटीने हंडे भरतात. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, असं मी समजत होतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीला पाहायला नाशिककडची मंडळी आली होती. मुलगा चांगला होता, मुलीलाही आवडला होता. जेवणं झाल्यावर साडूंनी पाहुण्यांना जव्हारजवळच्या शिरपामाळावर फिरायला नेलं. महाराजांचा मुक्काम झालेली जागा ही असं सांगत, चहूकडचे डोंगर दाखवत ते रंगात आले, आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "मुलगी सोन्यासारखी आहे बरं का. फक्त मे महिन्यात सासुरवाडीला गेलात, तर आंघोळीचं पाणी घरून न्या. सूर्यमाळला पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, पाहुण्यालाच पाणी मागतात!"

सगळे हसले. मुलाची आई हसली नाही. मुलगी तिथेच माझ्या शेजारी उभी होती आणि मी थर्मासमधून कपात चहा ओतत होतो. मी ओतत राहिलो. आठवड्याने नकार आला. पुढच्या स्थळाच्या वेळी मुलगी फक्त म्हणाली, "बाबा, आता नको." ती ठाण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. त्यानंतर ती कुणापुढेही बसली नाही.

साडूंना मी कधी काही बोललो नाही. माझा आवाज चढत नाही, तो माझा स्वभाव. पण त्या दिवसापासून एकच इच्छा मी मनात जपली होती: या माणसाने आयुष्यात एकदा तरी, सूर्यमाळच्या माणसापुढे हात पसरून, पाणी मागावं. आमच्यासारख्या मऊ बोलणाऱ्या माणसांचा राग किती काळ ताजा राहतो, याची मोठ्याने भांडणाऱ्यांना कल्पना नसते.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलीने अंदमानची सहल ठरवली, आणि हट्टाने मावशीला आणि काकांनाही त्यात घेतलं. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईला बहिणीशिवाय करमत नाही. आणि काका हसवतात हो." निघण्याच्या आदल्या दिवशी तिने फोन केला. "स्पीडबोटीच्या दिवशी शेवटच्या बेटावर प्लास्टिक चालत नाही बाबा. धक्क्यावरच काढून घेतात. तिथे दुकानही नाही. स्टीलच्या बाटल्या घ्या. आणि काकांना नक्की सांगा, ते ऐकून घेत नाहीत, म्हणून तुम्हीच सांगा."

मी हो म्हणालो. माझ्या आईचा फिरकीचा पितळी तांब्या, ज्याच्या झाकणात पेला बसतो, तो घासून पिशवीत ठेवला. साडूंना सांगितलं नाही. विसरलो, असं पुढे म्हणता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. तांब्या घासताना मी गुणगुणत होतो, असं बायको नंतर म्हणाली.

धक्क्यावर सकाळी तसंच घडलं. पहारेकऱ्याने साडूंच्या पिशवीतून सीलबंद बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या.

"पाणी आहे त्यात, दारू नाही!" साडू गरजले.

"प्लास्टिक मना है अंकल. शाम को वापस ले जाना."

"अरे, मास्तर आहे मी! हेडमास्तर होता होता राहिलो!"

"मास्टर लोग तो रूल मानते हैं, अंकल."

रांगेतले लोक हसले. मी हसलो नाही. मला ते हसू पुरवून वापरायचं होतं. साडू वाद घालत असताना बोटीवाला आत बसलेल्यांना ओरडून सांगत होता, "किसी को कमर का तकलीफ है तो पीछे बैठो. आगे बहुत पटकता है." साडूंच्या कमरेला बारा महिने पट्टा असतो. मणक्याची गादी सरकलेली आहे, डॉक्टरांनी मोटारसायकलसुद्धा बंद केलेली. बोटीवाल्याचं बोलणं मी ऐकलं. त्यांनी ऐकलं नाही. ते तणतणत बोटीत उतरले तेव्हा मी पुढच्या टोकाच्या बाकावरून, जिथून सगळा समुद्र दिसत होता, अदबीने उठून उभा राहिलो.

"भाऊ, इथे बसा. मान तुमचा."

त्यांचा चेहरा खुलला. "बघा," ते माझ्या बायकोला म्हणाले, "तुमच्या घरची रीत हा माणूस समुद्रातसुद्धा सोडत नाही!" आणि बसले. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, वाऱ्याला घाबरून मागे माझ्या बायकोजवळ आल्या. मी सगळ्यात मागे, इंजिनाजवळ, हलत्या पाण्याच्या पांढऱ्या रेघेकडे पाठ करून बसलो, म्हणजे मला समोर त्यांची पाठ दिसत राहील.

बोट सुटली. किनारा मागे पडेपर्यंत ठीक होतं. मग उघडा समुद्र लागला आणि बोटीचं नाक उचलून उचलून लाटांवर आपटू लागलं. मागे आम्हांला नुसता झोका बसत होता. पुढे माणूस बाकावरून वीतभर उडून खाली येत होता. पहिल्या आदळीला साडू हसले. दुसऱ्या-तिसऱ्या आदळीनंतर त्यांनी कठडा धरला. नंतर एक हात कमरेवर गेला. शिरपामाळावरचा तो हशा गेली चार वर्षं माझ्या कानात होता. प्रत्येक आदळीबरोबर तो थोडा थोडा खाली बसत होता. त्या समुद्राचा निळा रंग कसा होता हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी एक पाठ पाहत होतो.

"अहो, त्यांना मागे बोलवा ना," बायको म्हणाली.

"मानाची जागा आहे ती. उठवायचं कसं?" मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली.

पहिल्या बेटावर शहाळी विकायला होती. साडूंनी भाव ऐकून हात झटकला. "लूट आहे. पुढच्या बेटावर घेऊ." पुढच्या बेटावर फक्त पोहणं होतं. तिथे बायकोने आमच्या तांब्यातलं पाणी ताईंना दिलं, दोघी बहिणींनी एकाच पेल्यातून प्यायलं. साडू तेव्हा बोटीतून उतरलेच नव्हते. कमर धरून बसले होते. शेवटच्या बेटावर उतरलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. पांढरी वाळू, मागे दाट रान, आणि दुकान एकही नाही. तळाला काच असलेल्या नावेतून प्रवाळ दाखवतात, म्हणून दोघी बहिणी तिकडे गेल्या. साडूंना वाकून नावेत चढणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही जा. मी थांबतो भाऊंजवळ." बायकोला त्यात माझा चांगुलपणा दिसला असावा.

एका झाडाखाली आम्ही दोघे बसलो. मध्ये तांब्या.

"ऊन फार आहे," साडू म्हणाले.

"आहे."

"जव्हारला या दिवसांत शाल लागते."

"लागते."

त्यांच्या ओठांवर मीठ पांढरं दिसत होतं. मग तांब्याकडे न पाहता म्हणाले, "जुनं भांडं दिसतं. याला पेला असतो ना हो झाकणात?"

"असतो."

मी हललो नाही. इतका गोड क्षण माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. मला तो संपवायचा नव्हता. त्यांनी घसा साफ केला, रुमालाने तोंड पुसलं, आणि अखेर, ज्या आवाजात आमच्या वर्गातली मुलं बाहेर जाण्याची परवानगी मागतात त्या आवाजात, म्हणाले, "थोडं पाणी द्या."

"सूर्यमाळचा तांब्या आहे हा," मी म्हणालो. "आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारत नाहीत. शिरपामाळावर तुम्हीच सांगितलं होतंत."

ते माझ्याकडे वळले. वळताना कमरेत कळ आली असावी, कारण डोळे क्षणभर मिटले. "तुम्ही ते अजून धरून बसलात?"

"माझी मुलगी आज कुठे असती, भाऊ?"

"तिनेच तर बोलावलं मला इथे."

मी तांब्याची फिरकी आणखी आवळली. ते वाळूकडे पाहत बोलले, "हसवायला बोललो होतो. बोलून गेल्यावर त्या मुलाच्या आईच्या तोंडाकडे लक्ष गेलं, तेव्हा कळलं."

"मग त्याच वेळी का सावरलं नाहीत? नंतर का आला नाहीत?"

"तुम्ही एक शब्द बोलला असता तर सावरलं असतं. तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही खाली मान घालून चहा ओतत होतात. मला वाटलं, यांना लागलेलं नाही. मी तसं वाटून घेतलं, म्हणा."

मी फिरकी उघडली, पेला भरला, दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरून तो संपवला. पुन्हा भरला, तोही संपला. घशाचा आवाज येत होता. माझी इच्छा पुरी झाली होती. मागितलं होतं, हात पसरून मागितलं होतं. आणि नेमकी तेव्हाच मला आईची आठवण झाली.

आमच्या पाड्यावर मे महिन्यात कुणी वाटसरू आला, आणि घरात हंड्याच्या तळाशीच काय ते पाणी असलं, तरी आई मला हाका मारून सांगायची, "त्याला इचारीत बसू नको. आधी तांब्या ने." हाच तांब्या. तहानेल्याला मागायला लावणं ही आमच्याकडे लाज होती. पाण्याचा तुटवडा ही कधीच लाज नव्हती. साडू शिरपामाळावर जे बोलले ते खोटं होतं. सूर्यमाळच्या कुठल्याही घरात पाहुण्याला पाणी मागावं लागलेलं नाही. ते खरं करून दाखवण्यासाठी चार वर्षं जपून राहिलो तो मी, आणि ते खरं झालं ते माझ्याच हातून, माझ्याच आईच्या तांब्याशेजारी.

दोघी बहिणी परत आल्या, कसले कसले रंग पाहिले ते सांगत. परतीच्या वेळी मी आधी बोटीत चढलो आणि मागच्या जागेवर पिशवी ठेवून साडूंना म्हणालो, "भाऊ, इथे या. पुढे फार आपटतं."

"ते सकाळीही आपटत होतंच की," ते म्हणाले.

"बोटीवाला सांगत होता. मी ऐकलं होतं."

त्यांनी मान हलवली. नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. मग कठड्याला धरत, एक एक पाऊल टाकत, सगळ्यांना ओलांडून ते पुढच्या टोकाला गेले. "नको," तिथूनच म्हणाले. "मान माझा आहे ना? बसतो."

वारा सुटला होता. लाटा सकाळपेक्षा मोठ्या होत्या. ताई ओरडल्या, "अहो, इकडे या हो!" त्यांनी हात वर करून ठीक असल्याची खूण केली. मग बोटीने नाक उचललं. मी तीच पाठ पाहत होतो, तीच जागा, तीच आदळ. सकाळी प्रत्येक आदळ मला जे देऊन जात होती, ते आता एकेक करून काढून घेत होती. आणि तरीही, हे लिहिणं अवघड आहे, मधूनच एखाद्या मोठ्या आदळीला सकाळचा तो जुना गोडवा पुन्हा जिभेवर येत होता. राग असा एका पेल्यात संपत नाही.

संध्याकाळी हॉटेलात साडू पालथे पडले होते, कमरेवर गरम पाण्याची पिशवी धरायला ताई धडपडत होत्या. मुलीचा फोन आला. बायकोने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"कशी झाली बोट? काका, पाणी होतं ना तुमच्याकडे? बाबांना मी बजावून सांगितलं होतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही. मी तोंड उघडलं, पण आवाज त्या आधीच उशीतून आला.

"होतं की गं. तुझ्या बाबांनी दिलं."

"बघा, मला माहीतच होतं," मुलगी म्हणाली आणि प्रवाळाविषयी विचारू लागली.

त्या उत्तरात खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांनी मला वाचवलं, की आता मी कायम त्यांच्या ऋणात राहावं म्हणून खरं स्वतःजवळ ठेवून घेतलं, हे मला तेव्हा कळलं नाही. यंदा सासुरवाडीला गेलो तेव्हा ते नेहमीप्रमाणे पहिल्या पाटावर बसले. घास उचलण्याआधी त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला, मी काही न मागता, आणि मी प्यायल्याशिवाय त्यांनी हात ताटाकडे नेला नाही.