वांग्याचा सिनेमा आणि माझा हात

आमच्या घरातल्या पहिल्यावहिल्या सिनेमाचा नायक एक वांगं होतं, आणि त्याचं मी भरीत केलं.

मुद्दाम नाही केलं. वर्ध्याजवळ आंजी गावात आमचं भाजीचं वावर आहे. घरात वांगी रोजच येतात. त्यातलं एखादं नायक असेल, हे मला कसं कळावं? माझी मुलगी मयूरी वर्ध्याच्या कॉलेजात हलती चित्रं करायचं शिकते. (असंही काही शिकतात, हे ती शिकायला लागल्यावरच आम्हाला कळलं!) वर्षाच्या शेवटी तिला एक छोटा सिनेमा करून द्यायचा होता. तिचे बाबा आधीच बजावून मोकळे झाले होते, "यात पास झाली तं पुढं शिक. नाई तं जाम गावाले मामाच्या ढाब्यावर गल्ला सांभाळजो!" त्यामुळे पोरगी दातओठ खाऊन कामाला लागली होती.

तिनं अंगणातल्या ओट्यावर एक गाव मांडलं. मेथीच्या जुड्यांचं जंगल, पालकाची शेतं, टमाट्यांची माणसं आणि मधून जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा नाला. पिशव्यांनी नाला तुंबतो आणि गाव वाळून मरतं, अशी गोष्ट. नायक म्हणजे एक जांभळं वांगं. त्याचं देठ फेट्यासारखं वाकडं होतं. तो एकटाच नाला साफ करायला निघतो. वांगं इवलंसं सरकवायचं, बाबांच्या मोबाइलनं फोटो काढायचा, पुन्हा इवलंसं सरकवायचं. मग ते फोटो भराभर पळवले की वांगं चालायला लागतं! बिचारा मोठ्या मुश्किलीनं नाल्यापर्यंत पोचला, आणि त्याच सकाळी माझ्या चुलीपर्यंत.

जेवताना मयूरी धावत आली.

"आई, माया हिरो कुठी आहे?"

"कोणता हिरो वं?"

"वांगं! नाल्यापाशी उभं होतं ना!"

"ते? ते तं सुकून राह्यलं होतं. आज केलं नसतं तं वाया गेलं असतं."

"अवं, त्याले सुकायचंच होतं! तोच त्याचा अभिनय होता!"

तिच्या बाबांचा घास तोंडाशी थांबला. "म्हणजे मी हिरो खाऊन राह्यलो का?" त्यांनी ताटाकडं पाहिलं, घास तोंडात घातला आणि म्हणाले, "काम चांगलं केलं पण त्यानं."

मग दुपारभर ते वावरात वाकड्या देठाचं वांगं शोधत फिरले. एकेक वांगं हातात घेऊन पुढून, मागून, बाजूनं पाहायचे. (मला पाहायला आले तेव्हा एवढं निरखून पाहिलं नव्हतं!) शेवटी एक मिळालं. जरा जाडं होतं. मयूरी म्हणाली, "चालते. मधी जेवला म्हणू."

आता एकच दृश्य राहिलं होतं, गाव वाळतं ते. सिनेमा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मयूरीनं गावावर ऊन येईल असं पाहून ठेवलं, भाजीच्या कॅरेटवर मोबाइल बांधला आणि कॉलेजला निघाली.

"आई, कायलेच हात लावू नको. येतो मी."

"नाई लावत, माय."

तो मोबाइल आपोआप थोड्या थोड्या वेळानं फोटो काढत राहणार आहे, हे मात्र ती सांगायला विसरली. मला वाटलं, आल्यावर काढेल. मी बकऱ्या हाकलायला काठी घेऊन राखणीला बसले.

ऊन चढलं. मेथीनं माना टाकल्या. आता, भाजी विकणाऱ्या बाईच्या हाताला डोकं नसतं. भाजी मलूल दिसली की तो आपला तांब्यात बुडतो आणि शिंपडून मोकळा होतो. मी शिंपडलं. मग पालकाची दोन पिवळी पानं खुडली. टमाट्यांची चांगली बाजू पुढं केली. परत शिंपडलं. मरायला ठेवलेलं गाव बाजारातल्या ढिगासारखं तरतरीत झालं!

तेवढ्यात शेजारची कुंदाबाई फाटकातून डोकावली.

"मयूरीची माय, मेथी मस्त दिसून राह्यली वो! दे ना दोन जुड्या."

"ते पोरीच्या सिनेमाची आहे."

"सिनेमा काय मेथी खाते का?"

मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि 'नाही' तर एकट्यातही म्हणता येत नाही. मी दोन जुड्या दिल्या. मग कुंदाबाईची जाऊ आली. तिलाही उरलेल्या दिल्या. जंगल संपलं. ती म्हणाली, "पिशवी नाई आणली वो मी." म्हणून मी नाल्यातली एक पिशवी उपसली, झटकली आणि तिच्यात जुड्या भरून दिल्या.

संध्याकाळी मयूरीनं गाव पाहिलं, मग मोबाइल पाहिला आणि मटकन खाली बसली.

"आई, सगळ्या फोटोत तुया हात आहे!"

"मले काय मालूम, तो एकटाच काम करून राह्यला म्हणून!"

पोरगी रडली. पुन्हा करायला वेळ नव्हता, आणि जंगल तर कुंदाबाईच्या कढईत होतं. शेवटी होतं तेच जोडून तिनं देऊन टाकलं. मला जामचा ढाबा दिसायला लागला.

कॉलेजात सिनेमे दाखवले, तेव्हा आईबापांनाही बोलावलं होतं. मी शेवटच्या रांगेत, पदर ओढून. (घरच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा माझा फक्त पदरच आला आहे!) पडद्यावर गाव आलं. वांगं चाललं. मध्येच जाड झालं. आणि मग वरून बैलाएवढा एक हात आला! त्यानं पाऊस पाडला, पानं खुडली, माणसं फिरवून ठेवली, जंगल उपटलं, नाल्यातली पिशवी काढून तिच्यात जंगल भरलं आणि नाहीसा झाला. लोक पोट धरून हसत होते. मी खुर्चीत जेवढी मावते त्याहून लहान झाले.

शेवटी नावं आली. मला सावकाश वाचावं लागतं, पण तिच्या बाबांनी खणखणीत आवाजात सगळ्या हॉलला वाचून दाखवलं, "नायक, वांगं. नंतरचा नायक, दुसरं वांगं. पर्यावरणाची हानी, आई!"

सर उठले. "मयूरी, हा हात मुद्दाम घातलास?"

मयूरीनं माझ्याकडं पाहिलं.

"हो सर," ती म्हणाली. "माणूस असाच आहे. प्रेमानं पाणी शिंपडते, अन् त्याच हातानं जंगल उपटते. त्याले समजतच नाई."

"वा! याला म्हणतात प्रयोग!"

पोरगी पास! तिचे बाबा ढाब्याचं नाव विसरले आणि उभं राहून ओरडले, "आमच्या घरचा हात आहे तो! हे पाहा, इथं बसली!"

सगळा हॉल मागं वळला. मी हात पदरात लपवला आणि मयूरी जवळ आली तेव्हा तिच्या कानात हळूच म्हटलं, "सांगून तं ठेवायचं होतं वं! नखातली माती काढली असती. अन् बांगड्याही नव्या भरल्या असत्या!"