देवी काढणारा आला

मालेगावच्या विणकरांच्या गल्लीत मागाची खटखट थांबली, की शेजारच्या बाया आपली लेकरं आत ओढून घेत. ज्या घरात देवीचा आजार शिरे, त्या घरातला माग बंद राही. मागाच्या प्रत्येक ठोक्याला लेकराच्या अंगावर नवा फोड उठतो, असं ती माणसं मानत. सन चौतीसच्या चैत्रात ती गल्ली घराघरानं मुकी होत चालली होती.

हुस्नबानो त्याच गल्लीत राही. दंग्यात घर जळालं, म्हणून मुलगा हबीब आणि आईविना नात सितारा यांना घेऊन ती उत्तरेतून आली. मुलूख सुटला, पण मुलखाचे इलाज तिनं सोडले नाहीत. साथ आली की दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि आजाराचं नाव ओठांवर नाही. मराठी तिला बाजारापुरती येई.

त्या सकाळी कांद्याची पात विकणारी बयाबाई ओरडत आली, "हुस्नाबी, देवी काढनारा उना शे! पोरगीले बाहेर काढ!"

हुस्नबानोनं दाराला आतून कडी घातली. तिच्या बोलीत तो आजार अंगावर 'निकलतो'. मग देवी काढणारा म्हणजे आजार अंगातून वर काढणारा! विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यात तिनं सिताराला बसवलं, वर चादर टाकली. सरकारी माणूस दार वाजवून निघून गेला. पोर रडली नाही. तिला नुसती झोप येत होती.

दुपारी बयाबाईनं हे ऐकलं आणि पाटी खाली आदळली.

"अवं येडी! सुई टोचतस, मंग देवी येत नई. मना दंडवर वण दख. मी मरनू का? तुले शिव्या देवाले जित्ती शे!"

हुस्नबानोनं पोर उचलली. अंग पोळत होतं. "गर्मी है, और क्या," असं स्वतःलाच सांगत ती धावली. पलीकडच्या गल्लीत देवी काढणारा भेटला. त्यानं सिताराच्या कपाळावर हात ठेवला आणि सुई मागे घेतली.

"आजी, हिला आता उपयोग नाही. दुसरी पोरं आणा. लवकर."

मग ती दारोदार हाका मारू लागली, "बच्चों को लाओ! सुई अच्छी है!"

बायका दारात आल्या. सुईकडे कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते तिच्या खांद्यावरचं लाल तोंड, न उघडणारे डोळे. एकामागून एक कड्या पडल्या.

"खाला, दूर से बोलो," शेजारची सुरय्या बंद दाराआडून म्हणाली.

हुस्नबानो उंबऱ्यावरून उतरली, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडत राहिली.