दिवाणाचं झाकण

माझी कापडं आणि लोकर ज्यात असते त्या दिवाणाचं झाकण लागेना, म्हणून आज सगळं बाहेर काढलं. ओटीत आलेले खण, इरकलीचा उरलेला पदर, अर्धवट विणलेली एक बाही. सतरंजीवर उन्हाचा पट्टा आला आणि त्यात मोरपिशी लोकर अशी काही उजळली की मी आवरायचंच विसरले.

"यातलं शिवणार कधी, विणणार कधी?" ह्यांनी विचारलं. "झाकण लागलं नाही तर उरेल ते वाटून टाकायचं. कबूल?"

"कबूल."

कात्री लागली की कापडाचं एक झबलं होऊन जातं, बस. न कापलेल्या कापडात मात्र झबलंही असतं, उशीचा अभ्राही आणि अजून न जन्मलेल्या कुणाचं दुपटंही. ह्यांना तिथे नुसता पसारा दिसतो!

प्रत्येक घडी पुन्हा घातली, घट्ट. लोकर कोपऱ्यांत दाबली. झाकण टेकवलं आणि त्यावर ह्यांनाच बसवलं. खट्! लागलं.

"उठा आता," मी म्हटलं. "बाजारात जायचंय. डाव्या कोपऱ्यात एका गुंड्याची जागा राहिलीय."