जड पाणी

अमरावतीला रसायनशास्त्र शिकलो आणि साठ सालानंतर मुंबईला अणुभट्टीच्या कामावर लागलो. आमचं गाव बाळापूरकडचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, मडक्यांना बाहेरून पांढरं मीठ फुटायचं. अशा पाण्याला आमच्याकडे जड पाणी म्हणतात.

पहिल्या सुट्टीत मायनं विचारलं, "काय काम करून राहिला तू तिथं?"

युरेनियम मायला कसं सांगायचं? म्हटलं, एक धातू आहे, तो आम्लात विरघळवायचा. मग घासलेटात एक औषध मिसळून त्यासोबत घुसळायचा. धातू वर घासलेटात चढतो, घाण खाली पाण्यात राहते.

"लोणी वर येते तसं," माय म्हणाली. तिला पटलं होतं. तिथंच थांबायला हवं होतं, पण मला शिकवायची हौस.

"मंग तो भट्टीत ठेवतात अन् त्याच्याभोवती जड पाणी भरतात."

तिचा चेहरा उतरला. "एवढं शिकून तुले तिथंबी जड पाणीच?"

"माय, ते पेत नाई कोणी. साध्या पाण्यातूनच काढा लागते, पण थेंब थेंब. लय महाग असते."

"त्याच्यात दाय शिजते का?"

"कोणी शिजवून पाह्यली नाई."

"मंग जडच," तिनं निकाल दिला. धाकटी बहीण आणि मी खूप हसलो.

त्यानंतर मी घरी आलो की माय पाण्याचा तांब्या स्वतः हातात द्यायची. मला चुलीकडे फिरकू द्यायची नाही. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाचे लाड, असं मी समजायचो. पाणी गोड लागायचं. बाहेर राहून आपली जीभच बदलली असेल, असं वाटायचं.

मुंबईत माझं काम शुद्धतेचं होतं. भट्टीच्या इंधनात बोरॉन दहा लाखांत एक भाग राहिला तरी चालत नाही, तो न्यूट्रॉन गिळून बसतो. ती न दिसणारी घाण आम्ही दिवसचे दिवस शोधायचो, आणि सापडली की सगळी खेप परत आम्लात जायची. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, असा मला तोरा होता.

मग मायचे पाय सुजायला लागले, पुढे चेहराही. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली आहेत, तुमच्या भागात हे फार दिसतं. तार मिळून मी गावी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

घरात माणसं बसली होती. मला तहान लागली होती आणि तांब्या घेऊन पुढे येणारं कोणी नव्हतं. मी आत गेलो, रांजणात गडवा बुडवला आणि घोट घेतला. खारट, कडू. तोंडात धरवेना.

बहीण मागे येऊन उभी राहिली होती.

"ते तुहं नाई, दादा. तुहं त्या लहान मडक्यात राहे. तू येनार असला का माय नदीपल्याडच्या मळ्यातून डोक्यावर आने. म्हने, पोरगा सालभर जड पाणी पेते, इथं तरी त्याले हलकं भेटू दे."

"अन् तुमी?"

"आमी हेच."

"मांगच्या बारीले तर तिचे पाय सुजले होते."

"तरी गेली. मी जातो म्हटलं तर आयकेना."

मी भिंतीला टेकलो आणि लहान मुलासारखा रडलो. बाहेरची माणसं उठून आत आली, समजूत घालू लागली. मायसाठी रडतो आहे असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

लहान मडकं कोपऱ्यात उपडं ठेवलेलं होतं. सगळ्या घरात तेवढ्या एकाच मडक्याला मीठ फुटलेलं नव्हतं.