गार्डीणबाईंचा शेवटचा पास

गार्डीणबाई भेटल्या की पहिला प्रश्न कधी 'बरी आहेस का' असा नसे. त्या थेट विचारायच्या, "तुला काय बघायचंय?" लग्न होऊन मी हिंगोलीच्या रेल्वे क्वार्टरात आले, माझी ट्रंक अजून ओट्यावरच होती, आणि शेजारच्या दारातून एक उंच, सावळी बाई पदराला हात पुसत आली आणि तिनं हाच प्रश्न माझ्या अंगावर टाकला. मी कनेरगाव नाक्याची. नाक्यावर थांबणाऱ्या ट्रकांच्या पाट्या वाचून मला देशभरातल्या गावांची नावं पाठ होती, पाहिलेलं मात्र एकही नव्हतं. मी घाबरून म्हणाले, "स्वयंपाकघर बघायचंय." बाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. "अगं, ते तर जन्मभर बघशील! दुसरं सांग."

त्यांचे यजमान छोट्या लाइनीवर, म्हणजे मीटरगेजवर, गार्ड होते. स्टेशनमास्तरांच्या बायकोला मास्तरीण म्हणतात तशा या गार्डीणबाई. त्यांचं खरं नाव मला चार वर्षांनी कळलं, तेही रेशनकार्डावरून. रेल्वेच्या नोकरीत फिरायला फुकट पास मिळतो, आणि गार्डसाहेबांनी तो एकही वर्ष वाया जाऊ दिला नव्हता. रामेश्वर, पुरी, अमृतसर, आग्रा, बोधगया, दार्जिलिंग! आमच्या गल्लीत जिल्ह्याच्या गावाला, परभणीला जाऊन आलेली बाईसुद्धा आठ दिवस त्याच गोष्टी सांगायची, तिथं हे नवरा-बायको असा मुलूख पालथा घालून येत.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर आतल्या बाजूनं रेल्वेचा जुना नकाशा खळीनं चिकटवलेला होता. प्रवासाहून आलं की बाई हळदीच्या डब्यात बोट बुडवायच्या आणि पाहिलेल्या गावावर ठिपका उमटवायच्या. हळद घरची, कुरुंद्याची. गार्डसाहेबांची तिथं थोडी शेती होती. डब्यात नवी हळद आली की जुने ठिपके पुन्हा गिरवले जात. "रंग उडाला की गाव बी इसरतं," असं त्यांचं म्हणणं.

मात्र पुढचं ठिकाण त्या दोघांनी कधी ठरवलं नाही. ते गल्ली ठरवायची. दरवर्षी एका घराची बारी असे. त्या घरच्या बाईनं ठिकाण सांगायचं, गार्डसाहेबांनी अर्ज भरायचा, आणि बाईंनी तिथं जाऊन तिच्या वाटचं पाहून यायचं. मला हे सगळं आधी मिरवणं वाटलं. मी नवऱ्याला तसं म्हणालेही. ते पार्सल ऑफिसात कारकून, शांत माणूस. म्हणाले, "एकदा त्यांना आल्यावर ऐक. मग बोल."

मी ऐकलं आणि पुढं कधी बोलले नाही. बाई तिखटमीठ लावून सांगत नसत. डोळ्यांनी मोजून आणलेलं सांगत. गंगा केवढी, तर "आपली कयाधू पुराची हाय, तशा धा कयाधू एकामेकीला चिकटून." ताजमहाल कसा, तर "पांढरा हाय बराबर, पन दुपारी बघवत न्हाई. सकाळी जायाचं." मास्तरीणबाईंनी रामेश्वर मागितलं तेव्हा कुणीतरी हळूच विचारलं होतं, तुमी तर बुद्धाचे, मग जाणार कशा? बाई म्हणाल्या, "मी बघाया जाऊन राहिले. हात त्या हितून जोडतील." आणि परत आल्यावर त्यांनी मास्तरीणबाईंना प्रदक्षिणेच्या ओवरीतला एकेक खांब असा सांगितला की त्या रडल्या. बोधगयासुद्धा त्यांच्या म्हाताऱ्या नणंदेनं मागितली म्हणून झाली. नणंदेसाठी आणलेलं पिंपळपान त्यांनी प्रवासभर हातातून खाली ठेवलं नव्हतं. दार्जिलिंग हे शेवंताचं. शेवंता रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको, कळमनुरीकडच्या एका तांड्यावरची. तिला डोंगर चढणारी गाडी हवी होती. "गाडी दमती का?" एवढंच तिनं विचारलं. "दमती की! मधी थांबून पानी पिती."

एकच तक्रार दरवर्षी न चुकता यायची. गार्डसाहेब गाडीत चढले की इंजिनाकडं तोंड असलेली खिडकी पकडत आणि मुक्काम येईपर्यंत सोडत नसत. बाई समोर, इंजिनाकडं पाठ करून. "समदा मुलूख मी उलटा बघितला," त्या चिडून सांगायच्या. "लेकरू बरं. एवढा मोठा मानूस खिडकीसाठी भांडतो, काहून?" गार्डसाहेब नुसते मिशीत हसायचे.

बाकी गार्डसाहेब म्हणजे नियम. पांढरा डगला, शिट्टी, हिरवी आणि लाल झेंडी. एकदा ते जेवणाचा डबा विसरले. बाई धापा टाकत प्लॅटफॉर्मवर गेल्या, मी सोबत होते. गाडीच्या शेवटी गार्डाची खोली असते, तिच्या दारात ते उभे होते. बाईंनी डबा द्यायला पायरीवर पाय ठेवला. साहेबांनी वाकून डबा घेतला आणि म्हणाले, "खाली. इथं गार्डाशिवाय कुणी नाही." बाई खाली उतरल्या. परतताना मला म्हणाल्या, "बराबर हाय त्यायचं." पण त्या दिवशी त्यांनी मला काय बघायचंय ते विचारलं नाही.

मार्चअखेर गार्डसाहेब निवृत्त होणार आणि दोघं कुरुंद्याला जाणार असं ठरलं, त्याच वर्षी माझी बारी आली. नोकरीतला शेवटचा पास! गल्लीत दुसरा विषय उरला नाही. गाडी जम्मूपर्यंत जाऊ लागल्याला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे काश्मीर हे सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. मास्तरीणबाईंनी लोकर आणली. शेवंता रोज येऊन मला बजावायची, "बरफ सांग हां, इसरू नको." गार्डसाहेबांनी तर बाजारातून कानटोपी आणली आणि हिंगोलीच्या भर दुपारी ती घालून ओट्यावर बसले, घाम पुसत. मीही मनात काश्मीरच धरून होते. मला आत्तापर्यंत एवढं महत्त्व कुणी दिलं नव्हतं. मी आठ दिवस तरंगत होते.

ठरवायच्या संध्याकाळी आम्ही सगळ्या बाईंच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसलो. चिवड्याची परात फिरत होती. बाईंनी मला नकाशासमोर उभं केलं. बोलण्याआधी मी एकेक ठिपका पाहू लागले आणि माझ्या तोंडून नकळत नावं निघत गेली. हा मास्तरीणबाईंचा, हा शेवंताचा, हा नणंदेचा, हा आधीच्या मास्तरांच्या आईचा. सगळे मोजून झाले. मी विचारलं, "बाई, तुमचा कुठला?"

"माझा?" बाई परात सारखी करू लागल्या. "माझा कशाला?"

"बारी माझी आहे," मी म्हणाले. माझा आवाज का चढला, मला अजून कळत नाही. "मला तुमचा पाहिजे. तुम्हाला काय बघायचंय?"

जिनं गावभर हा प्रश्न विचारला, तिला तो कुणी विचारला नव्हता. बाई लाल झाल्या. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "ह्यायची गार्डाची खोली. सगळा देस बघितला. माझा मानूस तीस वर्सं जिथं बसून राहिला, ती जागा आतून बघितली न्हाई. एक डाव ह्यायच्या गाडीनं पूर्णेपातूर जायाचं हाय."

गार्डसाहेबांनी कानटोपी काढली. "त्यात काय बघायचं? एक लाकडी बाक, एक पेटी, दोन झेंड्या."

"मंग तेवढंच बघते."

एकच कल्ला उठला. काश्मीर सोडून पूर्णा? तीन तासांवरची पूर्णा? मास्तरीणबाईंना ती लोकर आठवली असावी. शेवंताचे तर डोळे भरले. "आन् माझं बरफ, बाई?"

बाई तिच्याकडं वळल्या. "तुझा मानूस रेल्वेतच हाय ना? त्याला पास न्हाई मिळत? हिच्या मानसाला न्हाई मिळत? ट्रंकीत पास कुजवता आन् माझ्या डोळ्यानं बघता! किती दिवस, गं?"

ते खरं होतं. प्रत्येक घरात पास होता आणि दरवर्षी मुदत संपून वाया जात होता. बाई जातात म्हणजे आपण गेलोच, असं आम्ही धरून चाललो होतो. लाज वाटली आणि हुरूपही आला. मी पुढं होऊन म्हणाले, "ठरलं. पूर्णा."

अर्ज गेला आणि परत आला. जम्मूपर्यंत चालणाऱ्या पासावर कुणी पूर्णा मागतं, हे कुठल्याशा बाबूला पटेना. त्यानं लाल शाईनं लिहिलं होतं, 'स्थानकाचे नाव तपासावे.' गार्डसाहेबांनी खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.' आणि सही ठोकली.

साहेबांच्या शेवटच्या ड्यूटीला अख्खी गल्ली त्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये होती. बाईंच्या हातात पास, आमच्या हातात तिकिटं. दशम्यांची फडकी, चटण्या, पोरंसोरं, आणि गडबड अशी की लग्नाचं वऱ्हाड निघालंय. शेवंता माझ्या कानाशी ओरडली, "चालली गं, चालली!" प्रत्येक स्टेशनवर आम्ही खिडकीतून माना काढून मागं बघायचो. शिट्टी वाजायची, हिरवी झेंडी हलायची, की आम्ही टाळ्या. पण साहेब नियमाचे पक्के. त्यांनी बाईंना आमच्याच डब्यात बसवलं होतं, गार्डाच्या खोलीला लागून.

वसमतला समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावं लागलं. साहेब चालत आमच्या खिडकीशी आले. डगल्याची बटणं नीट लावलेली. म्हणाले, "चल. मास्तरांना विचारलंय. गाडी उभी आहे तोवर बघता येईल." आणि सगळ्यांदेखत त्यांनी बायकोला हात देऊन पायरी चढवली. मी दाराशी उभी राहून बघत होते.

बाई त्या अरुंद बाकावर बसल्या. ब्रेकचं चाक चाचपलं, पेटीचं झाकण उघडून मिटलं. मग मागच्या खिडकीतून बघू लागल्या. तिथून फक्त आलेली वाट दिसत होती. मागं पडलेले रूळ, मागं पडलेली बाभळ, लहान होत गेलेलं सगळं.

"तुमाला तीस वर्सं हेच दिसलं व्हय?" त्यांनी विचारलं. "मागं ऱ्हायलेलं?"

"गार्डानं मागंच बघायचं असतं."

"म्हणून खिडकीसाठी भांडायचे!" बाईंनी कपाळावर हात मारला. हसू लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "आन् मी मेली तुमाला दरसाल बोलून राहिले. एकदा सांगायचं तरी!" साहेब मिशीत हसले. समोरची गाडी आली, बाई खाली उतरल्या, आणि साहेबांनी पुन्हा शिट्टी फुंकली.

परतीच्या गाडीत साहेब आमच्यासारखेच प्रवासी होते. इंजिनाकडची खिडकी त्यांनी बाईंना देऊ केली. बाईंनी त्यांना दंडाला धरून तिथंच बसवलं. "तू बस", "न्हाई, तुमी बसा" हे भांडण हिंगोली येईपर्यंत चाललं. घरी आल्या आल्या बाईंनी पूर्णेवर हळदीचा ठिपका उमटवला.

कुरुंद्याला जाताना बाईंनी दारावरचा नकाशा पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला आणि माझ्या हातात दिला. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "रडतीस कशाला? पासाचा अर्ज भर."

आम्ही भरला. पुढच्याच वर्षी मी आणि हे जम्मूला उतरून पुढं बसनं काश्मीरला गेलो. शेवंता आणि तिचा नवरा सोबत होते. बर्फ हातात घेऊन ती लहान पोरीसारखी किंचाळली. परत आल्यावर मी नकाशा गुंडाळून तडक कुरुंदा गाठलं. बाई वाळत घातलेल्या हळदीपाशी बसल्या होत्या. आता त्यांचा प्रश्न बदलला होता. "काय काय बघितलंस?" दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मी दोन तास सांगत राहिले, मोजून, तिखटमीठ न लावता. सगळं झाल्यावर बाईंनी विचारलं, "खिडकी कुनाकडं व्हती?"

"जाताना माझ्याकडं. येताना ह्यांच्याकडं."

"बराबर," बाई म्हणाल्या. मी नकाशा पसरला आणि हळदीची वाटी त्यांच्यापुढं केली. त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. "आता बोट तुझं." मी बोट टेकवलं, ठिपका जरा फरकटला.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांच्यामागून साहेबही गेले. नकाशा माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर आहे. नवी हळद आली की मी सगळे ठिपके गिरवते, आणि पहिलं बोट पूर्णेवर ठेवते.